नानाभाई मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (१८५९–१९३६) हे भूचुंबकत्वाचे अभ्यासक आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. रायगड जिल्ह्यातील अलिबागची चुंबकीय वेधशाळा त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली.

शिक्षण व नियुक्ती

मूस यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकल्यानंतर त्यांनी स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे विज्ञानाचे शिक्षण घेतले. एडिनबरोच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत असत. मूस यांच्या काळात, १८९८ मध्ये, तेथे मिल्न भूकंपमापकही बसविण्यात आला.

अलिबागला स्थलांतर

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांवाटे परत जाताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राने वेधशाळेतील संवेदनशील चुंबक विचलित होतात. अशा नोंदीत पृथ्वीचे चुंबकत्व कोणते आणि ट्रामचे कोणते, हे वेगळे काढता येत नाही. अर्धशतकाहून अधिक काळाची निरीक्षणमालिका त्यामुळे खंडित होण्याचा धोका होता.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड झाली आणि १९०४ मध्ये तेथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. अलिबाग त्या वेळी कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. मुंबईतील कुलाबा आणि हा जिल्हा यांत गल्लत करू नये.

नव्या वास्तूत बांधकाम साहित्याची निवड निर्णायक होती. कोकणात सर्रास वापरला जाणारा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, येथे उपयोगाचा नव्हता, कारण त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते. म्हणून पोरबंदरी दगड वापरण्यात आला. अशा वास्तूत लोखंडी खिळा वा बिजागरीही चालत नाही. तापमान वाढले की चुंबकाची शक्ती किंचित घटते. त्यामुळे उपकरणांच्या खोलीतील उष्णतामान शक्य तितके स्थिर राहील अशी रचना करण्यात आली.

जुनी वेधशाळा मात्र लगेच बंद केली गेली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. दोन्ही स्थानांमधील फरक त्यावरून निश्चित करता आला आणि कुलाब्याची मालिका अलिबागच्या मालिकेशी जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

संशोधन

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे संकलन व विवेचन करणारा मूस यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांनी त्यांचे सरासरी स्वरूप दाखविले. वादळाच्या प्रारंभी चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक थोडा वाढतो, नंतर पुष्कळ खाली येतो आणि पूर्वपदावर येण्यास त्याला काही दिवस लागतात. सिडनी चॅपमन यांसारख्या पुढील संशोधकांना हे काम उपयोगी पडले.

महत्त्व

जुन्या नोंदींचे मोल पुढेही दिसून आले. मूस यांच्या जन्मवर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, झालेल्या प्रचंड सौरवादळाची निरीक्षणे कुलाब्यात घेतली गेली होती. २००३ मध्ये त्यांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट आढळली. उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना असलेला सौरवादळांचा धोका अजमावताना या घटनेचा आधार घेतला जातो.

अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे. १९७१ मध्ये स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालविते. संस्थेचे मुख्यालय रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे.