बालविधवांसाठी वसतिगृहाचे दार उघडणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी

चेन्नई : मरीना किनाऱ्यालगतच्या कामराजर रस्त्यावर एक गोलाकार दर्शनी भागाची जुनी वास्तू उभी आहे. आज ती विवेकानंदर इल्लम म्हणून ओळखली जाते. स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये येथे राहिले होते आणि ते स्थान पाहण्यासाठी देशभरातून लोक येतात. मात्र याच वास्तूत पुढे अनेक वर्षे मुलींचे एक वसतिगृह चालत होते, याची माहिती फार थोड्या पर्यटकांना असते. त्या वसतिगृहातील मुली सामान्य विद्यार्थिनी नव्हत्या. बाहुल्यांशी खेळण्याच्या वयात वैधव्य आलेल्या आणि घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढणे हेच ज्यांचे भवितव्य मानले जात होते, अशा त्या मुली होत्या. त्यांच्यासाठी शाळेच्या जोडीला राहण्याचे घर उभे करणाऱ्या आर. एस. सुब्बलक्ष्मी स्वतःही बालविधवाच होत्या.

सुब्बलक्ष्मी यांचा जन्म १८ ऑगस्ट १८८६ रोजी मद्रासमधील मायलापूर येथे झाला. तंजावर जिल्ह्यातील ऋषियूर हे कुटुंबाचे मूळ गाव. वडील सुब्रमण्य अय्यर हे सरकारी नोकरीतील अभियंते, तर आई विशालाक्षी गृहिणी. थोरल्या कन्येची बुद्धी लहानपणीच दिसून आली होती. चौथ्या इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेत ती चेंगलपट्टू जिल्ह्यात पहिली आली. तरीही रूढीपुढे बुद्धीचे काही चालले नाही. अवघ्या अकराव्या वर्षी तिचे लग्न लावून देण्यात आले आणि काही काळातच पतीचे निधन झाले. संसार म्हणजे काय, हे कळण्यापूर्वीच तिच्यावर विधवेचा शिक्का बसला.

त्या काळातील तमिळ ब्राह्मण समाजात याचा अर्थ काय होता, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. केशवपन, एकवेळचे जेवण, अंगावर एकच एक वस्त्र, शुभकार्यात मज्जाव आणि सकाळी समोर आल्यास अपशकुन असे ते जिणे होते. पुण्या-मुंबईतील विधवांची स्थिती याहून निराळी नव्हती. सुब्बलक्ष्मींच्या आईवडिलांनी मात्र मुलीच्या केसांना वस्तरा लावू दिला नाही. वडिलांनी तिला घरी इंग्रजी शिकवण्यास आरंभ केला. घरातच राहणारी मावशी वालांबाळ हीदेखील विधवा होती. तिने भाचीची पाठराखण केली आणि पुढे वसतिगृहाच्या कामातही तिची मोठी मदत झाली. एका घरातील दोन पिढ्यांचे वैधव्य असे एकमेकींचा आधार बनले.

घरच्या शिकवणीनंतर सुब्बलक्ष्मींचे शालेय शिक्षण जोगिणींच्या कॉन्व्हेंट शाळेत झाले. स्वतःचा संसार नसलेल्या स्त्रिया आपले सारे आयुष्य इतरांच्या मुलींना शिकवण्यात घालवतात, हे दृश्य त्यांच्या मनावर खोल ठसले. त्यांनी धर्म बदलला नाही. परंतु सेवेचा तो आदर्श स्वीकारला. पुढे लोक त्यांना सिस्टर म्हणू लागले, त्यामागे हेच कारण होते.

त्यानंतर त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. विधवा मुलगी पुरुषांच्या महाविद्यालयात जाते, ही गोष्ट मायलापूरच्या सनातनी मंडळींना रुचणारी नव्हती. कुटुंबाला वाळीत टाकण्याच्या धमक्या आल्या, तरी वडील मागे हटले नाहीत. १९११ मध्ये सुब्बलक्ष्मी पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मद्रास प्रांतात पदवीधर झालेली पहिली हिंदू विधवा म्हणून त्यांच्या नावाची नोंद घेतली जाते.

पदवी मिळाल्यावर त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. आपल्याला वडिलांचे घर होते, मावशी होती, म्हणून शिकता आले. ज्या मुलींना असे घर नाही, त्यांनी काय करायचे? गावोगावच्या बालविधवांसाठी नुसती शाळा काढून भागणारे नव्हते. शाळेत यायचे तर शहरात राहावे लागणार, आणि तरुण विधवेला एकटीने राहण्यास भाड्याची खोलीदेखील कोणी देणार नव्हते. म्हणजे शिक्षणाचा प्रश्न मुळात निवाऱ्याचा प्रश्न होता. सुब्बलक्ष्मींच्या पुढील सर्व कार्याचा पाया ही जाणीव आहे.

१९१२ मध्ये त्यांनी शारदा लेडीज युनियन ही स्त्रियांची संस्था स्थापन केली आणि एग्मोर भागातील घरात बोटांवर मोजण्याइतक्या मुलींना घेऊन विधवागृह सुरू केले. शिक्षण खात्यातील मुलींच्या शाळांच्या निरीक्षक मिस लिंच यांचे त्यांना पाठबळ लाभले. सरकारचीही एक गरज होती. मुलींच्या शाळा वाढवायच्या तर शिक्षिका हव्या होत्या, आणि सवर्ण घरांतील विवाहित स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडत नव्हत्या. समाजाने टाकून दिलेल्या या मुलीच उद्याच्या शिक्षिका होऊ शकतात, हे सुब्बलक्ष्मींनी सरकारला आणि पालकांनाही पटवले.

महाराष्ट्रात हा मार्ग आधीच आखला गेला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे शिकलेल्या गोदूबाई जोशी या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तोच पुढे पुण्याजवळ हिंगण्याला स्थिरावला. मद्रासचे विधवागृह याच प्रवाहातील होते. फरक इतकाच, की सुब्बलक्ष्मींनी पुनर्विवाहाला आपल्या कार्यक्रमात अग्रस्थान दिले नाही. मुलीने शिकावे, पगार मिळवावा आणि कोणाच्या ओसरीवर ओशाळवाणे जगू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

मुलींची संख्या वाढत गेली, तशी जागा अपुरी पडू लागली. शहरात विधवांच्या वसतिगृहाला घर मिळवणे अवघड होते. अखेर ट्रिप्लिकेनच्या किनाऱ्यावरील आईस हाऊस ही वास्तू उपयोगी पडली. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याच्या कंपनीने १८४२ मध्ये ती बांधली होती. बर्फ यंत्राने तयार होऊ लागल्यावर तो व्यापार बसला. पुढे बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी ती विकत घेऊन राहण्यायोग्य केली. भक्कम भिंतींची, वस्तीपासून काहीशी अलग आणि समोर अथांग समुद्र असलेली ही वास्तू सरकारने विधवागृहासाठी उपलब्ध करून दिली. जवळच क्वीन मेरीज कॉलेज होते. मद्रास शहरातील मुलींचे हे पहिले महाविद्यालय १९१४ मध्ये सुरू झाले होते. त्यामुळे शालेय शिक्षण संपवणाऱ्या हुशार मुलीला पदवीपर्यंतची वाट त्याच किनाऱ्यावर खुली झाली.

वसतिगृहात सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस अभ्यास, घरकाम आणि प्रार्थना यांत विभागलेला असे. मुलींना शिक्षणाबरोबर एकमेकींची सोबत मिळाली, ही गोष्टही लहान नव्हती. घरी ज्यांचे तोंड पाहणे अशुभ मानले जात होते, त्या येथे आपल्यासारख्याच इतरजणींच्या पंगतीत बसत होत्या. सुब्बलक्ष्मी त्यांच्या मुख्याध्यापिका होत्या आणि आईही होत्या.

या कार्याला मर्यादाही होत्या आणि त्या नजरेआड करून चालणार नाही. विधवागृहाचे दार केवळ ब्राह्मण मुलींसाठी उघडे होते आणि स्वयंपाकघरात सोवळ्याओवळ्याचे नियम पाळले जात. हे नियम मोडले असते तर एकाही पालकाने मुलीला पाठवले नसते, हा व्यवहार त्यामागे होता. तरीही ब्राह्मणेतर चळवळीने जागृत झालेल्या मद्रास प्रांतात सरकारी मदतीवर चालणारे एका जातीचे वसतिगृह प्रश्नांकित होणे स्वाभाविक होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली, त्यांच्याशी तुलना केल्यास हा फरक ठळकपणे दिसतो. एका अन्यायाची भिंत पाडण्यासाठी दुसरी भिंत तात्पुरती तशीच ठेवणे, ही तडजोड सुब्बलक्ष्मींनी जाणीवपूर्वक केली होती. मात्र त्या तेथेच थांबल्या नाहीत. किनाऱ्यावरील कुप्पममध्ये, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीत, त्यांनी मुलांसाठी शाळा सुरू केली.

१९२२ मध्ये लेडी विलिंग्डन प्रशिक्षण महाविद्यालय आणि त्याला जोडलेली सराव शाळा सुरू झाली. सुब्बलक्ष्मी तिच्या पहिल्या प्राचार्य होत्या. आईस हाऊसमध्ये अठरा वर्षांखालील मुलींनाच प्रवेश मिळत असे. त्याहून मोठ्या विधवांचे काय, हा प्रश्न उरतच होता. त्यावर उपाय म्हणून १९२७ मध्ये शारदा लेडीज युनियनने शारदा विद्यालय ही निवासी शाळा काढली. १९३८ मध्ये ती रामकृष्ण मिशनकडे सोपवण्यात आली.

सरकारी सेवेत असल्याने उघड राजकारणात भाग घेणे त्यांना शक्य नव्हते. तरी बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याच्या बाजूने त्यांनी लोकमत तयार केले. हरविलास सारडा यांनी मांडलेला हा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि १९३० मध्ये अमलात आला. विधवांना आसरा देण्यापेक्षा बालविधवा निर्माणच होऊ नयेत, हा विचार त्यामागे होता. निवृत्तीनंतर मायलापूरमध्ये प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाचे काम त्यांनी हाती घेतले. १९५२ ते १९५६ या काळात त्या मद्रास विधान परिषदेच्या सदस्य होत्या. १९२० मध्ये कैसर-ए-हिंद पदक आणि १९५८ मध्ये पद्मश्री, असे दोन राजवटींतील सन्मान त्यांना लाभले. २० डिसेंबर १९६९ रोजी, वैकुंठ एकादशीच्या दिवशी त्यांचे निधन झाले.

आज चेन्नईत देशाच्या सर्व भागांतील हजारो मुली महाविद्यालयांच्या वसतिगृहांत राहून शिकतात. त्यांत महाराष्ट्रातून गेलेल्याही अनेक आहेत. खोलीचे भाडे, खाणावळीतील जेवण, रात्री परतण्याची वेळ या त्यांच्या तक्रारी असतात आणि त्या रास्तही असतात. परंतु घरापासून दूर राहून मुलीने शिकावे, ही कल्पनाच शंभर वर्षांपूर्वी या शहराला धक्कादायक वाटत होती. तेव्हा वाळीत टाकले जाण्याची भीती न बाळगता एका तरुण विधवेने आपल्यासारख्या मुलींसाठी घर उघडले. बर्फ साठवण्यासाठी बांधलेल्या त्या भिंतींआड अनेक गोठलेली आयुष्ये पुन्हा वाहती झाली, हेच सिस्टर सुब्बलक्ष्मी यांचे खरे स्मारक आहे.