एमआरआयच्या इंजेक्शनमागचं नाव : योहान गाडोलिन कोण होते?

भिवंडीतल्या एखाद्या स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय काढायला गेलात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘विथ कॉन्ट्रास्ट’ लिहिलेलं असेल, तर काउंटरवरचा माणूस पहिली गोष्ट विचारतो, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय का? मूत्रपिंड ठीक चालतंय याची खात्री झाली की शिरेतून एक पारदर्शक औषध जातं आणि पडद्यावर गाठी, सूज, रक्तवाहिन्या उठून दिसायला लागतात. त्या औषधात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. तो धातू मूळ रूपात, म्हणजे गॅडोलिनियम क्लोराइडसारखा साधा क्षार म्हणून टोचला तर विषारी ठरतो. म्हणून औषधात त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात अडकवलेलं असतं, म्हणजे तो काम करून लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड अधू असेल तर तो शरीरात रेंगाळतो आणि पिंजरा सैल पडायला वेळ मिळतो. अशा रुग्णांत कातडी आणि आतले अवयव कडक होण्याचा आजार आणि हे औषध यांचा संबंध 2006 मध्ये समोर आला. क्रिएटिनिनची विचारणा त्यासाठीच.

या धातूला ज्यांचं नाव मिळालं, त्यांनी तो आयुष्यात कधी पाहिलाच नाही. त्यांचं नाव योहान गाडोलिन.

जन्म 5 जून 1760, फिनलंडमधल्या टुर्कू शहरातला. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता आणि स्वीडिश लोक या शहराला ओबो म्हणत. घराणं विद्वानांचं. वडील याकोब गाडोलिन आधी पदार्थविज्ञानाचे आणि मग धर्मशास्त्राचे प्राध्यापक, पुढे बिशप. आईचे वडीलही प्राध्यापक आणि बिशप. आडनावाची गोष्ट गमतीची आहे. कुटुंबाचं मूळ शेत मौनुला नावाचं. त्यातला ‘मौनु’ हा लॅटिन मॅग्नसचा, म्हणजे ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दाचा फिनिश अवतार. शिकलेल्या पूर्वजांनी त्याचं हिब्रू करून टाकलं, गाडोल म्हणजे मोठा. त्या काळात पाद्री घराण्यांना अशी हौस असायची.

योहान यांनी आधी गणित धरलं, पण ते जमेना तेव्हा रसायनाकडे वळले. 1779 मध्ये ते उप्सालाला टॉर्बेर्न बेरिमान यांच्याकडे शिकायला गेले. खनिजातलं काय किती आहे हे टप्प्याटप्प्याने वेगळं काढून मोजायचं, या कामात बेरिमान यांचा युरोपात दबदबा होता. 1781 मध्ये गाडोलिन यांनी लोखंडाच्या विश्लेषणावर प्रबंध लिहिला. 1785 मध्ये त्यांना ओबोच्या विद्यापीठात जादा प्राध्यापकपद मिळालं. त्यानंतरच्या वर्षी ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि इंग्लंड, आयर्लंडपर्यंत पोचले. आयर्लंडमध्ये रिचर्ड कर्वन यांच्याबरोबर काम केलं.

हे कर्वन म्हणजे फ्लॉजिस्टनवाद्यांचे पुढारी. वस्तू जळते तेव्हा तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं, असं तेव्हा बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. पॅरिसमध्ये लाव्हाझिए मात्र दाखवत होते की जळताना वस्तू हवेतला ऑक्सिजन घेते. एवढ्या जवळून जुन्या मताच्या सहवासात राहूनही गाडोलिन नव्या बाजूला गेले. 1798 मध्ये त्यांनी स्वीडिशमध्ये रसायनाचं पाठ्यपुस्तक काढलं. फ्लॉजिस्टन टाकून दिलेलं उत्तर युरोपातलं हे पहिलं पाठ्यपुस्तक. लॅटिनऐवजी विद्यार्थ्यांना कळेल अशा भाषेत लिहिलं, हेही लहान काम नव्हतं.

आता त्या दगडाकडे येऊ.

1787 मध्ये कार्ल आक्सेल अर्‍हेनियस नावाच्या तोफखान्यातल्या लेफ्टनंटला स्टॉकहोमजवळच्या इटरबी गावच्या खाणीत एक काळा, वजनदार दगड सापडला. खाण चिनी मातीच्या भांड्यांना लागणाऱ्या फेल्डस्पारची होती. हा दगड तिथे परका वाटत होता. त्याचा नमुना 1792 मध्ये गाडोलिन यांच्या टेबलावर आला.

आजच्यासारखं यंत्र नव्हतं. दगड कुटायचा, आम्लात विरघळवायचा, एकेक पदार्थ साका करून खाली बसवायचा, गाळायचा, तापवायचा, तोलायचा. चुना निघतो का, अॅल्युमिना निघतो का, लोखंड किती? सगळं बाजूला काढल्यावरही एक पांढरी माती उरत होती आणि ती कुठल्याही माहीत असलेल्या मातीसारखी वागत नव्हती. दगडाचा सुमारे 38 टक्के भाग तिचाच होता.

इथे गाडोलिन यांचा स्वभाव दिसतो. नवा शोध लागला म्हणून दवंडी पिटायची संधी होती, पण ते बिचकले. नव्या ‘मातीं’ची संख्या त्या काळी वाढतच चालली होती आणि आपणही त्यात एकाची भर घालतोय याचा त्यांना आनंदापेक्षा संकोच जास्त वाटला. 1794 मध्ये निबंध छापला तोही सावध शब्दांत. पुढे आंडेर्स एकेबेरी यांनी ते काम पुन्हा करून पाहिलं आणि नवी माती खरीच असल्याचं पक्कं केलं. तिला यट्रिया नाव पडलं आणि काळ्या दगडाला गॅडोलिनाइट. गाडोलिन यांच्या हातून एक गोष्ट निसटलीही. त्या दगडात बेरिलियमही होतं. ते अॅल्युमिनासारखं वागतं, त्यामुळे त्यांनी ते अॅल्युमिना समजून मोजलं.

तरीही दुर्मिळ मृदा धातूंच्या इतिहासाचं पहिलं पान हेच. मोबाइलचा स्पीकर, पवनचक्की, इलेक्ट्रिक गाडीची मोटर यांच्यासाठी आज ज्या धातूंवरून देशादेशांत ओढाताण चालते, त्या कुटुंबातला पहिला धागा ओबोच्या प्रयोगशाळेत सुटा झाला. एकट्या इटरबी गावाच्या नावावरून चार मूलद्रव्यांची नावं पडली : यट्रियम, यटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम.

1797 मध्ये ते रसायनाचे पूर्ण प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत असा आग्रह धरणाऱ्या युरोपातल्या सुरुवातीच्या शिक्षकांत त्यांची गणना होते, आणि त्यासाठी ते स्वतःची खासगी प्रयोगशाळाही मुलांना वापरू देत. 1809 मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला. झेंडा बदलला, गाडोलिन यांची नोकरी तीच राहिली. संसारही मोठा होता. पहिल्या पत्नीपासून 9 मुलं आणि तिच्या निधनानंतर 59व्या वर्षी केलेल्या दुसऱ्या लग्नातून आणखी 3. ते निवृत्त झाले 1822 मध्ये.

मग 4 सप्टेंबर 1827 ची संध्याकाळ आली. ओबोत आग लागली. शहर लाकडी घरांचं आणि वाऱ्याने साथ दिलेली. केमिकलचं गोदाम पेटलं की आसपासचं काय होतं, हे भिवंडीकरांना सांगायला नको. इथे तर पाऊण शहर गेलं. 27 माणसं दगावली आणि सुमारे 11,000 लोक उघड्यावर आले. विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं. त्याच आगीत गाडोलिन यांची प्रयोगशाळा आणि आयुष्यभर जमवलेला खनिजांचा संग्रह राख झाला. ते 67 वर्षांचे होते. विद्यापीठ पुढच्या वर्षी हेलसिंकीला हलवलं गेलं. गाडोलिन यांचं संशोधन तिथेच थांबलं. उरलेली पंचवीस वर्षं त्यांनी विर्मो इथे गावाकडे काढली आणि 15 ऑगस्ट 1852 रोजी वयाच्या 92व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आपली ‘एक’ माती प्रत्यक्षात तीन मातींचं मिश्रण होती, हे स्वीडनच्या मोसांडेर यांनी 1843 मध्ये दाखवलं, तेव्हा ते 83 वर्षांचे होते.

1880 मध्ये जिनिव्हाच्या मारिन्याक यांना दुर्मिळ मृदांवर काम करताना आणखी एक नवी माती सापडली. 1886 मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रान यांनी तिच्यातल्या मूलद्रव्याला गॅडोलिनियम हे नाव लावलं. गंमत म्हणजे गॅडोलिनाइटमध्ये गॅडोलिनियम अगदी थोडं असतं.

एमआरआयमध्ये हा धातू चालतो तो त्याच्या सात एकट्या इलेक्ट्रॉनमुळे. त्यांच्या चुंबकत्वामुळे आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल बदलतो. अशा औषधांतलं पहिलं अमेरिकेत 1988 मध्ये मंजूर झालं. प्रयोगशाळेत मात्र साधा गॅडोलिनियम क्लोराइड वेगळ्याच कामाला येतो, आणि तिथे त्याचा विषारीपणाच उपयोगी पडतो.

यकृतात कुप्फर पेशी नावाच्या भक्षक पेशी असतात. रक्तातून आलेला कचरा आणि जंतू त्या गिळतात. उंदराला शिरेतून शरीराच्या वजनाच्या किलोमागे सुमारे 10 मिलिग्रॅम गॅडोलिनियम क्लोराइड दिलं की या पेशी त्याचे कण गिळतात आणि बऱ्याच निकामी होतात. मग विचारता येतं की यकृताचं नुकसान थेट विष करतं की या पेशी करतात? दारू पाजलेल्या उंदरांवर 1990च्या दशकात हा प्रयोग झाला. कुप्फर पेशी बंद असताना यकृताची सुरुवातीची हानी टळली. म्हणजे दारूइतकाच दोष त्या दारूमुळे चिडलेल्या पेशींचा होता.

दुसरा उपयोग पेशीच्या दारांचा. गॅडोलिनियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या जवळपास, पण त्यावर विद्युतभार जास्त. त्यामुळे कॅल्शियमची वाट तो अडवतो. पेशी ताणली की उघडणारी दारंही तो बंद करतो, हे 1989 मध्ये बेडकाच्या अंडपेशींवर दिसलं. स्पर्श आणि ताण ओळखणारी पिएझो प्रथिनं 2010 मध्ये सापडली आणि त्या शोधासाठी 2021 चं नोबेल मिळालं. तीही गॅडोलिनियमने अडतात.

यात एक खाच आहे. पेशी ज्या द्रावणात ठेवतात त्यात बहुधा फॉस्फेट आणि बायकार्बोनेट असतं. त्यांच्याशी गाठ पडली की गॅडोलिनियम साका होऊन तळाशी बसतं आणि पेशीपर्यंत फार थोडं पोचतं. बाटलीवरचा आकडा एक आणि पेशीला मिळालेला डोस भलताच. हे 1990च्या दशकाच्या अखेरीस नीट मांडलं गेलं, तेव्हा आधीचे बरेच निकाल पुन्हा तपासून पाहावे लागले.