देशी पटावरून जागतिक पटावर : सुलतान खान

आज गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसलेला मुलगाही मोबाइलवर परदेशातील खेळाडूशी बुद्धिबळाचा डाव मांडू शकतो. कोणता खेळाडू कोणत्या प्रारंभाने खेळतो, कुठे जिंकतो आणि कुठे चुकतो, याचा सारा तपशील त्याला क्षणात मिळतो. अशी कोणतीही सोय नसताना, युरोपीय बुद्धिबळाचे ग्रंथ न अभ्यासता, एका भारतीय खेळाडूने ९० वर्षांपूर्वी जगज्जेत्यांना घाम फोडला होता. त्यांचे नाव मीर सुलतान खान.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मिठा टिवाणा या गावी त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकवले. या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकते. युरोपीय पद्धतीचे किल्लेकोटही नसते. शह मिळण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल खेळता येते. साहजिकच डाव संथपणे उलगडतो आणि प्यादी, मोहरी सावकाश रचत नेण्याला महत्त्व येते. सुलतान खान यांच्या खेळाचा स्वभाव याच पटावर घडला.

त्यांचा खेळ पारखला तो सर उमर हयात खान टिवाणा या पंजाबातील बड्या जमीनदारांनी. त्यांच्या आश्रयाने सुलतान खान युरोपीय नियम शिकले आणि १९२८ मध्ये आठ विजय, एक बरोबरी अशा कामगिरीसह अखिल भारतीय स्पर्धेचे विजेते ठरले. १९२९ च्या वसंतात सर उमर त्यांना लंडनला घेऊन गेले. तेथे सरावासाठी भरवलेल्या छोट्या स्पर्धेत ते संयुक्तपणे शेवटच्या स्थानी राहिले. प्रारंभीच्या चालींचे ज्ञान नसल्याने पहिल्या दहा-बारा खेळींतच त्यांची बाजू दुबळी होई. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांना थोडे मार्गदर्शन केले. त्याच वर्षी रॅम्सगेट येथे सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही हे अजिंक्यपद त्यांनी मिळवले.

प्रारंभ हा त्यांचा दुबळा भाग कायमच राहिला. त्यामुळे चटकन हातघाईवर येणाऱ्या डावांपेक्षा बंदिस्त रचना त्यांना अधिक मानवत. पांढऱ्या सोंगट्या असताना वजिरापुढील प्यादे पटाच्या मध्यावर रोवून सावकाश जागा व्यापण्याकडे त्यांचा कल असे. काळ्या सोंगट्यांनी खेळताना, उंटापुढील प्यादे एकच घर सरकवून उभा राहणारा कारो-कान बचावही त्यांनी वापरला. त्यांचे खरे सामर्थ्य मात्र मध्यडावात आणि त्याहून अधिक अंतिम डावात होते. बरोबरीची वाटणारी स्थिती ते तासन्तास खेळत राहत, प्रतिस्पर्ध्याची जागा घराघराने कमी करत आणि एखाद्या प्याद्याच्या आघाडीवर डाव जिंकत.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतील त्यांचा डाव याचा उत्तम नमुना आहे. समोर होते माजी जगज्जेते होजे राउल कापाब्लांका. अंतिम डावाचे सम्राट अशीच त्यांची ख्याती. सुलतान खान यांनी पाचव्या खेळीला वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवले. काळ्याच्या उंटाला पुढे येऊन घोडा जखडता येऊ नये, एवढाच त्या साध्या खेळीचा हेतू. हीच कल्पना पुढे तिग्रान पेत्रोस्यान यांच्या नावाने रूढ झाली. त्यानंतर कापाब्लांकांची कोंडी हळूहळू वाढत गेली आणि ६५ व्या खेळीअखेर त्यांनी डाव सोडला.

१९३१ मध्ये सावियेली तार्ताकोव्हर यांच्याविरुद्धची बारा डावांची लढत त्यांनी साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकली. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडतर्फे पहिल्या पटावर खेळताना त्यांनी रुबिनस्टाइन आणि फ्लोर यांना हरवले, तर जगज्जेते अलेखिन यांना बरोबरीत रोखले. लंडनची हवा मात्र त्यांना सोसली नाही. हिवताप, सर्दी आणि घशाच्या विकाराने ते वारंवार आजारी पडत.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर मायदेशी निघाले आणि सुलतान खानही त्यांच्याबरोबर परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्ध दहा डावांची लढत झाली. त्यात खाडिलकरांना एका डावात बरोबरी साधता आली. उरलेले नऊही डाव सुलतान खान यांनी जिंकले. यानंतर जागतिक पटावर ते पुन्हा दिसले नाहीत. अवघ्या पाच वर्षांत ती कारकीर्द आटोपली होती. फाळणीनंतर त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. शेतीवर निर्वाह करत ते सरगोधा परिसरात राहिले आणि २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही.

इंग्रजी लेखनात त्यांचे वर्णन बराच काळ एक निरक्षर नोकर असेच होत राहिले. हे चित्र चुकीचे असल्याचे त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडे ठामपणे मांडले आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये प्रथम ग्रँडमास्टर किताब दिले, तेव्हा स्पर्धांतून निवृत्त झालेल्या रुबिनस्टाइन यांचाही समावेश झाला. त्यांना हरवणारे सुलतान खान मात्र वगळले गेले. त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

पहिल्या दहा खेळींची माहिती आज कुणालाही विनासायास मिळते. सुलतान खान यांच्याकडे नेमकी तीच नव्हती. पण त्यापुढील पन्नास खेळी चिकाटीने आणि स्वतःच्या बुद्धीने कशा खेळाव्यात, याचा धडा नव्या खेळाडूंना त्यांच्या डावांत आजही सापडतो.