मातीचे मास्टरमशाय : नंदलाल बोस

निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चौकट उभी राहते. मागे डोंगर, पुढे नदी, एका बाजूला झाड आणि वर सायंकाळचे आकाश. निसर्ग चौकटीच्या आत असतो आणि चित्रकार बाहेर. ज्या जमिनीवर बसून आपण चित्र काढतो, तिचे आपण काही लागतो, ही जाणीव अशा चित्रात क्वचितच उमटते. ती जाणीव विद्यार्थ्यांच्या हाती आणि डोळ्यांत रुजवण्यासाठी ज्याने जवळजवळ तीस वर्षे खर्ची घातली, अशा एका थोर शिक्षकाचे हे चरित्र आहे. पर्यावरण हा शब्द त्या काळी कलाशाळांतून ऐकू येत नसे; परंतु त्या शब्दामागचा विचार आचार्य नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनात नित्याच्या शिक्षणात आणला होता.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या हवेली खडगपूर या गावी झाला. वडील पूर्णचंद्र दरभंग्याच्या जमीनदारीत नोकरीस होते. आई क्षेत्रमणीदेवी बाहुल्या आणि खेळणी करण्यात निपुण होती. नंदलाल आठ वर्षांचे असतानाच ती निवर्तली. गावातले कुंभार आणि मूर्तिकार मातीला आकार कसा देतात, हे पाहण्यात या मुलाचे तासन् तास जात. पुढे शिक्षणासाठी तो कलकत्त्यास आला, पण पुस्तकी विद्येत त्याचे मन रमले नाही आणि महाविद्यालयीन परीक्षांत अपयश पदरी आले. अखेर १९०५ मध्ये त्याने सरकारी कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखा गुरू लाभला आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली.

त्यांच्या घडणीत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या, तेव्हा त्यांना साहाय्य करणाऱ्या तरुण भारतीय चित्रकारांत नंदलाल होते. डोंगराच्या पोटातली ती लेणी, भिंतीला दिलेला मातीचा गिलावा आणि बहुतांशी माती-दगडांपासूनच सिद्ध केलेले रंग त्यांनी जवळून पाहिले. चित्र ज्या डोंगरात आहे, त्याच निसर्गातून ते घडले आहे, याचा याहून मोठा वस्तुपाठ कोठे मिळणार? पुढे १९२१ मध्ये बाघ येथील लेण्यांतही त्यांनी असेच काम केले.

१९१९ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. नंदलाल तेथे आले आणि १९२२ पासून १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याची धुरा त्यांनी वाहिली. विद्यार्थी त्यांना आदराने मास्टरमशाय म्हणत.

ज्या भूमीवर त्यांनी हे कार्य केले, ती समजून घेतली पाहिजे. वीरभूम जिल्ह्याचा हा भाग म्हणजे आपल्या कोकणातल्या सड्यासारखी तांबडी, जांभ्याची जमीन. वरचा झाडझाडोरा नाहीसा झाला की अशा जमिनीत पावसाचे पाणी मुरत नाही. ते ओहळ पाडीत धावते, ओहळांच्या घळी होतात आणि माती वाहून जाते. या घळींच्या प्रदेशाला तिकडे खोआई म्हणतात. त्यातून उभे राहिलेले तुरळक ताड, पळसाची झुडपे, संथाळांची वस्ती आणि जवळून वाहणारी कोपाई नदी, एवढाच तेथील देखावा. रूढ अर्थाने सुंदर म्हणावे असे त्यात थोडेच होते. परंतु नंदलालांनी विद्यार्थ्यांना या जखमी जमिनीसमोरच नेऊन बसवले.

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. वर्गात मांडलेल्या प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून चित्रे गिरवण्यापेक्षा बाहेर पडून पाहावे, याकडे त्यांचा कल असे. झाड काढायचे तर बुंध्यापासून सुरुवात करून वर जावे, कारण झाड तसेच वाढते. कुंचला वरून खाली ओढला तर झाडाचा प्राण हाती लागत नाही, अशी त्यांची शिकवण होती. तरुणपणी काही काळ त्यांच्याजवळ शिकलेले चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांनीही ती स्मरणात ठेवली होती. ऋतू बदलला की तेच झाड वेगळे दिसते, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा जावे. ते स्वतः जवळ कोरी कार्डे बाळगीत आणि वाटेत दिसलेला बैल, बकरी, पाखरू वा वाटसरू चार रेषांत टिपून घेत. अशी असंख्य कार्डे त्यांनी विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना दिली. हिवाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन सहलीला जात, तंबूत राहत आणि सर्वांबरोबर चित्रे काढीत.

पाहण्याच्या पुढची पायरी साधनांची. विलायती रंगांवर विसंबून न राहता गेरू, पिवळी माती, काजळी यांपासून रंग कसे करावेत, हे कलाभवनात विद्यार्थी हातांनी शिकत. जयपूरचे कारागीर नरसिंगलाल यांना बोलावून ओल्या चुन्यावर चित्र काढण्याची तेथील पद्धत आत्मसात केली गेली. १९३० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी मातीचे वसतिगृह उभे राहिले. त्याच्या भिंतींवर गुरुशिष्यांनी उठावचित्रे कोरली आणि पावसापासून रक्षण व्हावे म्हणून वर डांबर दिले. तेच प्रसिद्ध काळे घर. संस्थेकडे पैसा कमी होता म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु पैशाच्या टंचाईने कुरकुरणारे पुष्कळ असतात. तिच्यातून एक शिक्षणपद्धती उभी करणारा एखादाच.

१९२८ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा आणि श्रीनिकेतनात हलकर्षणाचा, म्हणजे नांगरटीचा, उत्सव सुरू केला. सजवलेल्या पालखीतून रोपटे मिरवत आणून लावण्यात येई, आणि त्या साऱ्या सजावटीत कलाभवनाचा हात असे. १९३० मध्ये हलकर्षणाचे भित्तिचित्र नंदलालांनी श्रीनिकेतनात रंगवले. उजाड माळावर चित्र काढणारा विद्यार्थी त्याच माळावर झाड लावण्याच्या सोहळ्यातही सहभागी होई. मातीपासून जे घेतले, त्याचे अल्पसे ऋण अशा रीतीने फेडले जाई.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तेथील नगराची सजावट नंदलालांनी करावी, अशी गांधीजींची इच्छा होती. आपण चित्रकार, स्थापत्य आपले क्षेत्र नव्हे, म्हणून नंदबाबू प्रथम कचरले. पण गांधीजींच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. खेड्यात जे मिळते त्यातूनच सारे घडवायचे, ही अट होती. बांबू, चटया, गवत यांतून टिळकनगर उभे राहिले. हे सामान पुन्हा कामी येणारे, नाहीतर मातीत मिसळून जाणारे. आजच्या आपल्या मांडवांशी त्याची तुलना करून पाहावी.

पुढे फेब्रुवारी १९३८ मधल्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आजूबाजूची खेडी पाहून शेतकरी, सुतार, ढोलकिये, कांडणाऱ्या स्त्रिया असे विषय घेतले आणि हातकागदावर चित्रे रंगवली. शिष्यांनी त्यांच्या प्रती केल्या. ही चित्रे दालनात बंद न करता येणाऱ्याजाणाऱ्या खेडुतांना दिसतील अशी लावली होती.

गुरूचे मोठेपण शिष्यांतही पाहावे. विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी बालपणापासून अधू. पण १९४० मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर त्यांनी वीरभूमचे खेडे, त्यातले तळे, झाडे आणि माणसे रंगवली. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये संथाळ कुटुंबाचे शिल्प सिमेंट आणि जांभ्याची खडी यांतून उभारले. कोल्हापूरचे विनायक मासोजी हेही कलाभवनचे विद्यार्थी आणि पुढे तेथलेच अध्यापक. साऱ्यांची शैली निराळी. गुरूची नक्कल कोणीच केली नाही.

नंदलालांनी आणि त्यांच्या शिष्यांनी भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजवली. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १६ एप्रिल १९६६ रोजी ते कालवश झाले. त्यांच्या कलाकृती आज राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात.

एक कटू प्रश्न मात्र उरतो. एवढे करूनही ती जमीन वाचली काय? शांतिनिकेतनास २०२३ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला हे खरे. पण भोवतालची खोआई आक्रसत गेली. तिच्यावर सोनाझुरीची परकी झाडे लावली गेली, बांधकामे वाढली. चित्राने धूप थांबत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मग या शिक्षणाचे मोल काय? मोल हेच की, ज्याने एखादी जागा वर्षभर, सर्व ऋतूंतून, रेघ रेघ करून पाहिली आहे, त्याला तिचे जाणे कळते. ज्याने ती पाहिलीच नाही, तो कशासाठी हळहळेल आणि कशासाठी झटेल?

विद्यार्थी मित्रहो, पर्यावरणदिनाच्या चित्रस्पर्धेत हिरव्या पृथ्वीला कवटाळणारे दोन हात आपण दरवर्षी काढतो. यंदा तसे न करता महाविद्यालयाच्या आवारातले एकच झाड निवडावे. जूनमध्ये ते काढावे, पानगळीत काढावे, पालवी फुटल्यावर पुन्हा काढावे. आणि सुरुवात मात्र बुंध्यापासून करावी. नंदबाबूंना याहून वेगळी आदरांजली वाहण्याची गरज नाही.