गुस्ताव होल्स्ट : सगळ्या बँडला वाजवता येईल असे लिहिणारे संगीतकार

गेल्या वर्षी गणेशोत्सवाआधी आपल्या मंडळाच्या मुलामुलींच्या बँडसाठी नवी रचना निवडायचे काम आम्हा तिघा-चौघांकडे आले. आम्ही सगळे बँकेतून निवृत्त. आयुष्यभर आकडे वाचले, पण पाच रेघांवरचे ते काळे ठिपके आमच्यापैकी एकालाही वाचता येत नाहीत. तरीही उत्साहाच्या भरात आम्ही एक भारदस्त रचना मागवली. ऐकायला फारच छान होती. तालमीत मात्र दोन क्लॅरिनेटवाल्या मुली आणि एक ट्रम्पेटवाला एवढेच वाजवत राहिले. बाकीची मुले वाद्य तोंडाला लावून नुसती उभी. तिसऱ्या रविवारी युफोनियमवाला मुलगा आलाच नाही. पोटात दुखते म्हणतो, असे त्याच्या आईने सांगितले. पोटात नव्हे, मनात दुखत होते, हे आम्हाला कळायला हवे होते.

आपले बँडमास्तर लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलेले. ते आम्हाला काही बोलले नाहीत. फक्त ती रचना त्यांनी बाजूला ठेवली आणि चहा पिताना गुस्ताव होल्स्ट यांच्याबद्दल सांगू लागले. मग आम्हीही या माणसाविषयी मिळेल ते वाचले. ते इथे मांडतो आहोत.

होल्स्ट यांचे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी ते बहुधा 'द प्लॅनेट्स' या ग्रहांवरच्या मोठ्या ऑर्केस्ट्रा-रचनेमुळे ऐकले असेल. त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावी झाला. घराणे मूळचे रीगाकडचे, आजोबांच्या काळात इंग्लंडमध्ये आलेले. वडील पियानो आणि ऑर्गन वाजवत आणि शिकवत. गुस्ताव साडेसात वर्षांचा असताना आई गेली. मुलाची तब्येत तोळामासा. दमा होता, डोळे अधू होते, आणि याला चष्मा लागणार हे बराच काळ घरात कुणाच्या लक्षातच आले नाही. वडिलांची इच्छा मुलाने पियानोवादक व्हावे अशी, पण त्याच्या उजव्या हाताच्या नसा दुखू लागल्या आणि ते दुखणे जन्मभर सुटले नाही. दम्याला थोडा आराम पडेल म्हणून वडिलांनी त्याच्या हाती ट्रॉम्बोन दिला. नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचे हे पितळी वाद्य.

बँडमध्ये सर्वांत मागे बसणाऱ्याची बाजू होल्स्ट यांना कशी कळली, याचे उत्तर आमच्या मते इथेच आहे.

१८९३ साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी वडिलांनी शंभर पौंड उसने घेतले होते. पुढे १८९५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, तरी हातात पैसा असा नव्हताच. त्यामुळे उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत आणि हिवाळ्यात लंडनच्या नाटकगृहांत ट्रॉम्बोन वाजवून पोट भरायचे. एका बँडचे नाव व्हिएन्नाचे, वादक मात्र इंग्रज! तिथे गणवेश चढवून तासन्‌तास हलकीफुलकी गाणी वाजवावी लागत. कॉलेजातच राल्फ व्हॉन विल्यम्स यांच्याशी त्यांची मैत्री झाली. नवे काही लिहिले की आधी एकमेकांना दाखवायचे आणि चुका काढून घ्यायच्या, हा दोघांचा नेम शेवटपर्यंत टिकला.

शिक्षण संपल्यावर एका ऑपेरा कंपनीत आणि मग स्कॉटिश ऑर्केस्ट्रात त्यांनी ट्रॉम्बोनवादकाची नोकरी केली. १९०१ मध्ये इझोबेल हॅरिसन यांच्याशी लग्न झाले. १९०३ च्या सुमारास वादन सोडून ते शिक्षक झाले. १९०५ पासून लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये आणि १९०७ पासून मॉर्ले कॉलेजात. मॉर्ले म्हणजे दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांचे कॉलेज. तिथे कुणाला थोडे व्हायोलिन येई, कुणाला फक्त गाता येई, कुणाला काहीच येत नसे. अशा मंडळींना घेऊन होल्स्ट यांनी १९११ मध्ये पर्सेलचे 'द फेअरी क्वीन' सादर केले. सतराव्या शतकानंतर त्या कामाचा हा पहिला प्रयोग. वाजवायचे सारे कागद विद्यार्थ्यांनी हाताने नकलून काढले होते. हौशी माणसांकडून किती काम होऊ शकते, हे आपल्या मंडळातल्या जुन्या नाटकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

याच काळातली एक गोष्ट मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. होल्स्ट यांना ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावायच्या होत्या, पण हाताशी असलेली इंग्रजी भाषांतरे त्यांना पसंत पडेनात. मग पस्तिशीच्या आसपास, शाळेच्या नोकऱ्या सांभाळून, ते संस्कृत शिकले. पंडित झाले नाहीत, पण शब्दकोश हाताशी धरून स्वतःपुरते भाषांतर करण्याइतके शिकले. सूक्तांच्या चाली झाल्या. 'मेघदूता'वर मोठी रचना झाली, ती १९१३ मध्ये सपशेल पडली. महाभारतातल्या सावित्रीवर एक लहानसा ऑपेरा झाला. त्यात गाणारी पात्रे तीनच, सावित्री, सत्यवान आणि यम, आणि वादक बाराच्या आसपास. लिहिला १९०८ मध्ये, रंगमंचावर आला १९१६ मध्ये. मोठा फौजफाटा नसेल तरी चालेल, ही दृष्टी त्यातही दिसते.

आता बँडकडे येतो. त्या काळी इंग्लंडमधले लष्करी बँड मुख्यतः ऑपेरातले तुकडे आणि ऑर्केस्ट्राच्या रचना उतरवून वाजवत. सुषिरवाद्यांसाठी म्हणून स्वतंत्र, गंभीर असे फार थोडे लिहिले जाई. शिवाय कुठल्याही दोन बँडमधली वाद्ये सारखी नसत. एका पलटणीकडे चाळीस वादक, दुसरीकडे वीस. कुणाकडे सॅक्सोफोन नाही, कुणाकडे ओबो नाही. १९०९ साली होल्स्ट यांनी 'फर्स्ट सुट' लिहिले. तीन भाग, मिळून दहाएक मिनिटे. त्यांनी नोटेशनमध्येच कोणती वाद्ये हवीतच आणि कोणती नसली तरी चालतील हे लिहून ठेवले. एखादे वाद्य नसेल तर त्याची महत्त्वाची ओळ दुसऱ्या वाद्याच्या कागदावर बारीक अक्षरांत देऊन ठेवायची, म्हणजे ती जागा रिकामी पडत नाही. त्यामुळे वीसएक जणांचा बँडही ते वाजवू शकतो आणि पन्नास जणांचाही.

पण खरी करामत पहिल्या भागात आहे. सुरुवातीला आठ मात्राखंडांची एक संथ धून येते. ती क्लॅरिनेट किंवा कॉर्नेटला दिलेली नाही. ती हळू आवाजात वाजवतात युफोनियम आणि ट्यूबा, म्हणजे एरवी नुसता भोंगा धरून पोम-पोम करणारी मंडळी. मग तीच धून पुन्हा पुन्हा येते, पंधराएक वेळा. कधी ती वर जाते, कधी खाली राहते, मध्ये एकदा चक्क उलटी होते, म्हणजे जिथे स्वर चढत होते तिथे उतरतात. धून वाजवणाऱ्याला लांब, मोकळे स्वर मिळतात आणि तिच्याभोवती जलद सुरावटी फिरतात, त्या तयार हाताच्या वादकांसाठी. नवखा लांब स्वर धरतो आणि सगळे संगीत त्याच्यावर उभे असते. तयार वादकाला कंटाळा येत नाही आणि नवख्याला मान खाली घालावी लागत नाही. पुढचे दोन भागही याच धुनेच्या सुरुवातीच्या स्वरांतून निघाले आहेत, म्हणून तिन्ही भाग मध्ये न थांबता वाजवावेत अशी त्यांची सूचना होती. दुसरा भाग मात्र नाजूक आहे. तिथे कच्चा बँड उघडा पडतो, असे बँडमास्तर म्हणतात.

१९११ मध्ये त्यांनी 'सेकंड सुट' लिहिले. त्यात हॅम्पशायरकडची लोकगीते आणि नाचाच्या चाली घेतल्या. शेवटच्या भागात एक नाचाची चाल अखंड फिरत राहते आणि तिच्यावर 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही जुनी चाल येऊन बसते. हाच भाग त्यांनी पुढे आपल्या शाळेतल्या मुलींसाठी तंतुवाद्यांवर बसवला. बँडला या रचना मिळाल्या, तरी मान मिळायला वेळ लागला. पहिल्या सुटच्या वादनाची पहिली नोंद १९२० ची आहे, लष्करी संगीताच्या नेलर हॉल या शाळेतली. छापील प्रती आल्या १९२१ मध्ये. लिहून बारा वर्षे झाली होती!

मधल्या काळात महायुद्ध झाले. प्रकृतीमुळे त्यांना सैन्यात घेतले नाही. 'द प्लॅनेट्स' याच वर्षांत शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत लिहिले गेले, हात दुखे म्हणून सहकारी शिक्षिका आणि विद्यार्थिनींच्या मदतीने. १९१८ मध्ये ते पहिल्यांदा वाजले आणि होल्स्ट एकदम प्रसिद्ध झाले. ती प्रसिद्धी त्यांना मानवली नाही. १९२३ मध्ये संचालन करताना ते मंचावरून पडले, डोक्याला मार लागला, आणि पुढच्या वर्षी त्यांना बरीच कामे सोडावी लागली. सेंट पॉल्सची शाळा मात्र सोडली नाही.

बँडही सोडला नाही. १९२८ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'अ मूरसाइड सुट' लिहिले. पितळी वाद्यांचे हे बँड बव्हंशी गिरण्या-खाणींत काम करणाऱ्यांचे असत. १९३० मध्ये बीबीसीच्या बँडसाठी 'हॅमरस्मिथ' लिहिले, त्यांच्या बँडरचनांतले सर्वांत अवघड. त्या बँडने ते जाहीर कार्यक्रमात वाजवलेच नाही. १९३२ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकेच्या मरीन बँडने वाजवले, आणि मग बँडसाठीची ती मूळ प्रत १९५४ पर्यंत विस्मरणात गेली. १९३३ मध्ये, आजारपणात, त्यांनी शाळेतल्या लहान मुलींच्या वाद्यवृंदासाठी 'ब्रूक ग्रीन सुट' लिहिले. २५ मे १९३४ रोजी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. अस्थी चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आहेत.

होल्स्ट यांचे सुट आपल्या मुलांच्या आवाक्यातले नाही, हे बँडमास्तरांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकले होते. त्यांनी त्याऐवजी एका अभंगाची चाल घेतली आणि स्वतः कागद लिहिले. चाल सुरू होते खालच्या पट्टीत, लांब स्वरांत, युफोनियमवर. क्लॅरिनेटच्या मुली दुसऱ्या फेरीला येतात. पोटदुखीवाला मुलगा पुढच्याच रविवारी आला, तालमीच्या वीस मिनिटे आधी.