कै. रे. नारायण वामन टिळक
टिळकांचा जन्म सन १८६१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. कविता हा त्यांचा छंद. मुलाफुलांवर त्यांनीं गीतें रचिलीं. सन १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां पत्नी लक्ष्मीबाई यांचा वियोग त्यांस कांहीं वर्षें सोसावा लागला. तरी त्यांनीं छंद टाकिला नाहीं. तो प्रभुचरणीं वाहिला, आणि अभंग, भजनें व कीर्तनें यांच्या द्वारें लोकांस उपासनेची गोडी लाविली. सन १९१९ मध्यें ते निवर्तले. त्यांचीं गीतें मंडळ्यांत अद्यापि गाइलीं जातात.

प्रिय बंधुभगिनींनो, बैलजोडीचें कौतुक आपण पारावर मोकळेपणानें सांगतों. मग रविवारच्या भक्तीचा आनंद शेजाऱ्यास सांगतांना कां संकोचतों? टिळकांचा छंद व भक्ति यांची वाणी एकच होती. आपलीही तशीच होवो.