धन-ऋणाचा हिशेब मांडणारे भास्कराचार्य

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या खानदानाची माहिती कोरलेली आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवांनी तिथे मठ काढला होता.

भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये. वडील महेश्वर हेच त्यांचे उस्ताद. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याचे चार भाग. लीलावती सगळ्यांना ठाऊक असते, पण आपल्या सातवीच्या मुलांच्या कामाचा भाग म्हणजे बीजगणित.

त्याची सुरुवातच धन आणि ऋण संख्यांच्या बेरजेने होते. उदाहरणाला आकडे अगदी साधे, ३ आणि ४. दोन्ही धन असतील तर ७, दोन्ही ऋण असतील तर ऋण ७. एक धन, एक ऋण असेल तर वजाबाकी करायची आणि मोठ्याचं चिन्ह द्यायचं. ऋण आकड्याच्या डोक्यावर ते टिंब देत.

परिमेय संख्या (उर्दू माध्यमात नातिक आदाद) आल्या की मुलं इथेच अडतात. मुस्बत-मनफी म्हणा नाहीतर धन-ऋण, गोंधळ तोच. उणे ३/४ अधिक १/२ दिलं की अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळे! आमच्या शिरगावात मी किराणा दुकानाचा हिशेब सांगते. पाऊणशे रुपये देणं आहे, हातात पन्नास आहेत, मग उधारी किती उरली? पंचवीस. शंभराचा पाव भाग, म्हणजे उणे १/४. छेद सारखे केले की पुढे नियम भास्कराचार्यांचाच.

पण ऋण म्हणजे फक्त कर्ज नाही, हेही त्यांनी दाखवलं. लीलावतीत ९, १० आणि १७ बाजूंचा त्रिकोण आहे. ९ हा पाया धरून लंब टाकला तर पायाचा एक तुकडा १५ येतो, दुसरा ऋण ६. म्हणजे लंब पायाच्या बाहेर, उलट्या दिशेला पडला. दोन्हींची बेरीज करा, बरोबर ९.

तरी ऋण उत्तर ते सगळीकडे चालवून घेत नसत. माकडांचं एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतंय. गणितातून ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. ५ घेतलं तर मधेच १ वजा ३, म्हणजे ऋण २ माकडं! लोकांना हे पटायचं नाही म्हणून त्यांनी ते सोडलं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिला.

पुढे १५८७ मध्ये अकबराच्या हुकुमाने फैजींनी लीलावती फारसीत आणली. लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त हुकल्याची प्रसिद्ध गोष्ट त्यांच्याच प्रस्तावनेत आहे. बीजगणिताचा फारसी तर्जुमा शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास झाला. तो केला अताउल्लाह रशीदींनी, ताजमहालचे मिमार उस्ताद अहमद लाहोरींच्या साहेबजाद्यांनी. औरंगाबादला बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर मिमार म्हणून अताउल्लाहांचं नाव आहे. सहलीला गेलात तर मुलांना ते जरूर दाखवा.